कोरा निळा खडू

अरल समुद्र आटल्यावर जन्मलेल्या दुसरीच्या पोरांना हेडमास्तरांनी गावचा समुद्र काढायला सांगितला, कारण उद्या राजधानीतून पाहुणे यायचे होते. पोरांनी रोज दिसतो तसाच काढला: तपकिरी वाळू, वाळूत रुतलेली गंजकी जहाजं, त्यांच्या सावलीत रवंथ करणारे उंट. तपकिरी खडू झिजून नखाएवढा झाला. निळा मात्र कोरा करकरीत. चित्रकलेच्या सरबिनाजबाईंवर हेडमास्तर भडकले. “पाणी कुठाय यात?” निळा खडू त्यांनी चिमुरड्या गुलाईमच्या हातात कोंबला. “निळं कर सगळं!” “पण सर, तिथे आमचा उंट बसतो. बुडेल ना तो!” ती मुसमुसली. बाईंनी तिच्या मुठीतून खडू काढून हेडमास्तरांच्या खिशात टाकला आणि चित्रं दारासमोरच्या भिंतीवर टाचायला घेतली. “बाई, पाणी कुठे गेलं?” गुलाईमनं विचारलं. “हेच उद्या पाहुणे विचारतील,” टाचणी खोचत बाई हेडमास्तरांना म्हणाल्या, “उत्तर पाठ करून ठेवा.”