रिकाम्या हातांचा धावक

सामना संपायला एकच चाल उरली होती, आणि सूरजला अडवावे असे कागलच्या संघातील एकाही खेळाडूला वाटत नव्हते.

“त्येला सोडा रं! त्येच्याकडं कायबी नसतंय!” त्यांचा कर्णधार साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा स्वरात गरजला.

दुर्दैवाने ते सत्य होते. अमेरिकी फुटबॉल हा खेळ त्या वर्षी, दोन हजार तीन साली, कोल्हापुरात अगदीच नवखा होता. लांबुळका चेंडू हाती घेऊन धावायचे आणि प्रतिपक्षामागची शेवटची रेषा ओलांडायची, एवढे त्याचे सार. महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक जयसिंग सर यांनी त्यासाठी एक व्यूह रचला होता. तीन धावक एकाच वेळी मागे उभे राहत. चेंडू एकालाच मिळे. परंतु तिघेही पोटाशी हात आवळून, कमरेत वाकून, तीन दिशांना सुटत. पाठलाग कोणाचा करावा, हे शत्रूला उमगू नये. चेंडू नित्य दत्तप्रसादकडे जाई. प्रसेनजीत आणि सूरज यांच्या वाट्याला चेंडूचा केवळ आभास येई.

सूरजने वर्षभर हा आभास निष्ठेने वाहिला होता. मात्र नेसरीला घरी फोन केला की तो सांगे, “आई, चेंडू माझ्याकडंच असतोय.” एका वाक्याने कोणाचे काय बिघडणार, असे त्याला वाटले होते. ते आज सकाळी बिघडले. त्याच्या आई तानूबाई टेम्पो भरून गावकरी घेऊन आल्या. सोबत हलगीही होती.

सूरज रिकाम्या हातांनी धावला की हलगी कडाडे. तानूबाई उभ्या राहून टाळ्या पिटत आणि शेजारी बसलेल्या अपरिचितांना सांगत, “बघा पावणं, त्यो लाल टोपडंवाला माझा ल्योक. चेंडू त्येच्याकडंच हाय.” लाल टोपडे म्हणजे सूरजच्या मस्तकावरचे स्कूटरचे हेल्मेट. खेळाची शिरस्त्राणे महाविद्यालयाला परवडली नव्हती. पावणे करुणेने मान हलवत आणि दुसरीकडे पाहत.

कागलचा संघ चार गुणांनी पुढे होता. रेषा ओलांडली तर सहा गुण मिळणार होते. सूरजने सरांपुढे हात जोडले.

“सर, ही एकच खेप मला द्या. आई आलीया. गाव आलंया.”

सरांना त्याची दया आली, पण क्षणभरच. “आरं लेका, वर्षभरात तू चेंडूला हात तरी लावलाईस का? सवय न्हाय, पाडशील. आभास कर. त्यात तुझा हात धरणारं कोण न्हाय.”

शिट्टी झाली. तिघे धावक वाकले आणि सुटले. कागलचे अकराही वीर आभासांची दखल न घेता थेट दत्तप्रसादवर चालून गेले. डाव्या अंगाला सूरज एकटाच धावत होता. त्याच्याकडे पाहायलाही कोणी नव्हते.

तोच मैदानाच्या कडेवरून आरोळी आली. तानूबाई पदर खोचून पायऱ्या उतरून पार सीमारेषेपर्यंत आल्या होत्या.

“सूरज्या! आरं चेंडू झाक की! समदा भाईर दिसतोय!”

कागलचे वीर जागच्या जागी थबकले. त्यांनी त्या माउलीकडे पाहिले, मग तिच्या पुत्राकडे पाहिले. आई आपल्याच लेकाविषयी भर मैदानात खोटे बोलेल, अशी शंका त्यांच्यापैकी एकाच्याही मनाला शिवली नाही. ते सारे चांगल्या घरचे होते.

“फसवलं रं! आज त्येच्याकडंच दिलाय!” कर्णधार किंचाळला, आणि अकराच्या अकरा जण सूरजवर येऊन कोसळले.

दत्तप्रसादच्या मागे आता कोणीही नव्हते. देवाला प्रदक्षिणा घालावी इतक्या सावकाश चालत त्याने ती रेषा ओलांडली.

मैदानात एकच जल्लोष झाला. जयसिंग सरांनी पंचांनाच मिठी मारली. माणसांचा ढीग हळूहळू उकलला. तळाशी सूरज निघाला, पोटाशी हात आवळलेला. ते हात उघडायचे धैर्य त्याला होईना. वर्षभर सांगितलेले खोटे त्या दोन तळव्यांआड दडले होते, आणि समोर तानूबाई येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी त्याचे हेल्मेट काढले आणि गालावरची माती पदराने पुसली. सूरजने डोळे मिटले व हात उघडले.

“आई, चेंडू माझ्याकडं न्हवताच. आजबी न्हाय, कवाच न्हाय.”

“खुळ्या,” तानूबाई त्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, “तुझ्याकडं असता, तर एवढ्या मोठ्यानं सांगितलं असतं व्हय मी?”