बापाच्या घरी

डॉक्टरांनी आशा सोडली, तेव्हा महाडच्या दवाखान्यात अनुपमाजवळ तिचे वडील बसून होते. शमुवेल पाळक पोलादपूरच्या चर्चमधल्या मंडळीला तीस वर्षं देवाची प्रीती सांगत आले होते, आणि घरी बायको-मुलीवर कमरेचा पट्टा चालवत आले होते.

“भिऊ नको गो,” तिचा हात धरून ते म्हणाले, “तू स्वर्गातल्या बापाच्या घरी चाललीस.”

अनुपमानं हात सोडवून घेतला. “सिस्टर,” ती नर्सला म्हणाली, “मला बापाच्या घरी नका पाठवू.”

शमुवेल तिच्याकडे वाकले.

“तो बाप माझ्यासारखा नाय गो.”

हे त्यांनी आजवर कधी कबूल केलं नव्हतं. पण अनुपमानं भिंतीकडे तोंड करून डोळे घट्ट मिटले होते. लहानपणी अंगणात त्यांची पावलं वाजली की मिटायची, तसेच.