पोचेपर्यंत केर नाही

व्हॅक्यूम क्लीनर हॉलच्या मधोमध उभा होता. प्लग लावलेला, बटण बंद. चारुदत्तचा 'बसलो विमानात' असा मेसेज येऊन गेला होता. 'पोचलो' यायचा होता.

घरचं माणूस वाटेत असताना केर काढायचा नाही, हे पद्माने ऑस्ट्रेलियात, टूवूंबाला येऊनही सोडलं नव्हतं. चारुदत्त दर महिन्याला उत्तरेच्या लांबलांबच्या क्लिनिकांत लोकांचे डोळे तपासायला जायचा. एका गावाहून दुसऱ्या गावी उडाला की इथे सांडलेले पोहेसुद्धा 'पोचलो' येईपर्यंत पडल्या जागी राहायचे.

आज मात्र तिचं लक्ष लेकीच्या लॅपटॉपवर होतं.

"कननुरा ते डार्विन," तिने वाचलं. "साडेचारशे किलोमीटर. विमानाने एक तास." चष्मा वर सरकवला. "एकच?"

"सो?" नुपूर म्हणाली.

"तुझा बाबा अडीच सांगतो. बाराला सुटतं, अडीचला पोचतं म्हणे."

"टाइमझोन, आई! डार्विनचं घड्याळ दीड तास पुढे आहे. एक अधिक दीड. यू आर सो सस्पिशस!"

पद्मालाही हसू आलं. स्वतःचंच. मग सहज तिने फोन उचलला आणि जुने मेसेज मागे सरकवत गेली. 'बसलो'. 'पोचलो'. दर खेपेला मध्ये अडीच तास.

"नुपूर, घड्याळं तिथली वेगळी ना? माझा फोन तर इथेच असतो. ओट्यावर. त्यातल्या दोन्ही वेळा इथल्याच."

नुपूरचं हसू ओसरलं. "उतरल्यावर आधी कॉफी घेत असेल."

"तुझा बाबा? चहा उभ्याने पितो तो."

नुपूरने विमानं दाखवणारं ॲप उघडलं. नकाशावरचं इवलंसं पिवळं विमान डार्विनपाशी आलं आणि थांबलं.

"लँडेड," ती हळूच म्हणाली.

दोघी फोनकडे बघत राहिल्या. चहा केला, कपांवर साय धरली. फोन गप्प.

"आई, कॉल कर ना बाबाला."

"आणि काय विचारू? पोचलास का?"

पद्मा उठली. व्हॅक्यूमचं बटण दाबलं.

"आई! बाबाचा मेसेज अजून..."

पुढचं त्या घरघरीत बुडालं. पद्माने सोफ्याखालून केर काढला, चारुदत्तच्या खुर्चीखालून काढला, थेट दारापर्यंत, जिथे तो जाताना बूट घालतो तिथपर्यंत. मग वायर नीट गुंडाळून व्हॅक्यूम कपाटात ठेवला.

बऱ्याच वेळाने ओट्यावरचा फोन उजळला.

'आत्ताच पोचलो. काढ आता तुझा केर.' पुढे हसरा चेहरा.

पद्माने पदार्थाचं मीठ बघावं तसं ते दोनदा वाचलं. मग टाइप केलं, 'कधीच काढला.'