घरातली एकूण माणसं

“बाई, लोक मेलेली माणसं पटकन सांगतात, जिवंत लपवतात. नुसतं विचारू नका, घर बघा,” असं पाथर्डीला शिरगणतीच्या प्रशिक्षणात साहेबांनी बजावलं होतं. पुष्पावती हसली होती. बी. ए. झालेली, गावच्याच शाळेत शिकवणारी. तिला तर ओळखीचीच माणसं मोजायची होती. कोण कशाला लपवील?

एकाहत्तरच्या मार्चात, सतराव्या घरी, ती थबकली.

रंगुबाई उंबऱ्यात बाजरी पाखडत होती. “दोनच लिवा, मास्तरीणबाई. मी अन् आमचे हे. हे कारखान्यावर हायेत, ऊस तोडायला.”

“मग ते तिकडे मोजले जातील.”

“मंग एकच लिवा. लवकर उरकलं तुमचं.”

पुष्पावतीने लिहिलं नाही. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीने जातात. “सूर्यभान एकटेच गेले?”

“लेक गेलीय संगं. चांगुणा. माझी कंबर धरलीय ना.”

कंबर धरलेली ही बाई सकाळीच डोक्यावर दोन हंडे घेऊन गेलेली पुष्पावतीने पाहिली होती. तेवढ्यात आतून टक्‌ टक्‌ आवाज आला. खेळायचे गजगे जमिनीवर ठेवल्यासारखा.

“आत कोण आहे?”

“कोंबडी.”

“कोंबडी गजगे मांडते?”

रंगुबाईने सूप खाली ठेवलं. “हळू बोला. चांगुणाचं लगीन खर्ड्याला जमतंय. घरात येडं पोरगं हाय म्हनून पाव्हन्यांला कळलं, तर माझी पोर जन्माची घरात बसंल.”

आत सात वर्षांचा मुलगा भिंतीलगत गजग्यांची सरळ ओळ लावत होता.

“हाक मारली तर वळत न्हाई. जीपचा भोंगा वाजला की कान दाबून किंचाळतंय. मढीच्या देवाला दोनदा नेलं. माझ्याकडं कधी धड बघितलं न्हाई हो त्यानं.”

पुष्पावतीने त्याला हाक मारली नाही, हात लावला नाही. तोंड थोडं वळवून ती बाजूला बसली. घरंगळलेला एक गजगा उचलून तिने ओळीच्या टोकाला ठेवला. मुलाने तो जरासा सरळ केला. मग पुढचा गजगा तिच्या पायापाशी सरकवला.

रंगुबाई बघतच राहिली. “तुमाला कसं जमलं?”

“शाळेत मुलं बघते ना.”

“आसली पोरं शाळंत येत्यात व्हय?”

पुष्पावतीने तो गजगा ओळीला लावला. मग म्हणाली, “तो ऐकतो, रंगुबाई. सगळे आवाज एकदम अंगावर येतात, म्हणून कान झाकतो. वेडा नाही, बाधाही नाही. त्याची रीत वेगळी आहे. समोरून धरू नका, शेजारी बसा. आणि दार उघडं ठेवत जा. तुम्हीच झाकलंत, तर गाव म्हणणार, नक्की काहीतरी वाईट आहे.”

“बोलायला सोपं हाय. तुमच्या पोटी आसतं तर कळलं आसतं.”

पुष्पावती खाली मान घालून पेनाचं टोपण शोधू लागली. “या कागदात शहाण्या-वेड्याचा रकाना नाही. नाव आणि वय सांगा.”

रंगुबाईने दार सताड उघडलं. समोरची रतनबाई मान लांब करून बघत होती. तिला ऐकू जाईल अशा आवाजात रंगुबाई म्हणाली, “लिवा. कानिफनाथ. सात वर्सं. माझा हाय.”

पुष्पावतीने लिहिलं. तिला मान वर करवेना. निघताना ‘येते’ म्हणायचंही राहिलं.

उरलेली घरं उरकून दुपारी तिने स्वतःच्या घराचे कागद भरले. नवरा काकासाहेब, सासू मुक्ताबाई, ती स्वतः, पाळण्यातला मुलगा.

“चारच ना गं?” सासूने विचारलं. विचारताना ती पाळण्याकडे बघत होती.

पुष्पावतीने चार लिहिले आणि सही केली.

वाचणाऱ्यांनो, कानिफनाथाकडे नाही गेलात तरी चालेल, त्याचं दार उघडं आहे. शाळेमागच्या या घरी या. मास्तरीणबाई ओसरीवर बसवतील, चहा देतील, घरात चारच माणसं म्हणून सांगतील. त्यांचं ऐकू नका; त्या मास्तरीणबाई मीच. मागच्या खोलीचं दार उघडायला लावा. आत माझी मनकर्णा आहे, साडेपाच वर्षांची.