पाखरावरची फुली

फैलिननं शाळेतल्या रेशीमकिड्याच्या चित्रपुस्तकात शेवटच्या पानावरच्या पाखरावर फुली मारली आणि शेजारी पातेलं चितारलं. “आजीला दाखव हे प्रताप!” बाई कडाडल्या. पण तिचं चुकलं कुठे? अंडं, अळी, कोष इथवर ठीक. पुढे आजी कोष उकळते, रेशीम ओढते आणि आतला किडा चिकट भाताबरोबर फैलिनच्या पोटात जातो. थायलंडच्या इसान भागातलं शेंबडं पोरही हे सांगेल. पुस्तक बघून आजी पोट धरून हसली. “अगं भवाने, सगळेच तू गिळलेस तर अंडी कोण घालणार? मी?” तिनं कोपऱ्यातली उपडी टोपली उचलली. खाली फडक्यावर पांढरी पाखरं अंडी घालत होती. फैलिन बघतच राहिली. मग पातेल्याजवळच्या ढिगातला सर्वांत टपोरा कोष तिनं हळूच टोपलीखाली सरकवला. “आता हा कशाला?” “राहू दे गं आजी. ह्याला शेवटचं पान बघू दे.”