मनकर्णाबाईनं न ऐकलेली लढाई

नवऱ्याच्या तेरवीची पंगत उठायच्या आधीच खुशालराव हवालदार अंगणात येऊन टेकले, आणि मनकर्णाबाईच्या काळजात धस्स झालं.

खाकी कोट, छातीवर दोन बिल्ले, पांढऱ्याफेक मिशा. "अकोल्याहून आलो," ते थोरल्या जावयाला, शेषरावांना सांगत होते. "सूर्यभान आन् मी एकाच दिवशी भरती झालो. मुंबईपर्यंत एकाच डब्यात होतो."

झालं! माजघरात बसलेल्या मनकर्णाबाईला पुढचं ऐकूच येईना.

बाहेर सूर्यभानच्या आठवणींना ऊत आला होता. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, पण ही म्हैस जिवंतपणीही दुभतीच होती. मूर्तिजापूरच्या बाजारात वांगी तोलता तोलता सूर्यभान गिऱ्हाइकाला बगदाद दाखवून आणी. बसऱ्याचा खजूर, जहाजावरच्या ओकाऱ्या, नदीवरचा होड्यांचा पूल. दोन्ही पोरींच्या वेण्या तोच घालायचा, आणि वेणी घालता घालता लढाई सांगायचा. वेण्या वाकड्या व्हायच्या, पण पोरी हलत नसत. गावात मोटारीत बसलेले चार जण होते. जग पाहिलेला एकटा सूर्यभान.

आणि त्यातलं अक्षरही खरं नव्हतं. हे फक्त मनकर्णाबाईला माहीत होतं.

पहिल्या महायुद्धात तो भरतीला निघाला तेव्हा तिनं अडवलं नव्हतं. अट एकच घातली. तीन वर्षांच्या भगवंताला त्याच्यापुढं उभं केलं आणि म्हणाली, "पलटणीत जा, पन समुद्र ओलांडू नका. पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगा." सूर्यभाननं हात ठेवला. लेकराच्या डोक्यावरची आण मोडली तर ती लेकरालाच भोवते, हे त्या गावात कुणाला शिकवावं लागत नसे.

मानमोडीच्या साथीत भगवंत गेला. सकाळी ताप चढला, दुसऱ्या दिवशी पोर हातात नव्हतं. पुढच्या साली सूर्यभान परतला. तो ओट्यावर टेकायच्या आत तिनं विचारलं, "समुद्र ओलांडला काय?"

"नाही," तो म्हणाला. "गोदीवरूनच पळालो. धारणीच्या जंगलात लाकडं तोडून राहिलो होतो. गावाले सांगू नको, शिपाई धरून नेतीन."

तिनं त्याचे पाय धरले. पोर गेलं ते देवानं नेलं, बापानं नाही. एवढ्या एका गोष्टीवर तिनं पुढचा सारा संसार केला, शालू आणि सत्यभामा वाढवल्या.

पण त्या थापा काही तिला सोसत नसत. पळून आलेल्या माणसानं गप्प बसावं की नाही? तो सुरू झाला की ती तरातरा गोठ्यात निघून जाई. एकदा पोरींदेखतच म्हणाली, "पुरे करा बाप्पा आता!" सूर्यभान हसला. त्यानंतर तिच्यासमोर त्यानं लढाईचं नाव काढलं नाही. विहिरीवर मोट हाकताना बैलांना सांगत असे, ते तिला वांग्याच्या वाफ्यातून ऐकू येई. तिनं हे बोलावं तरी कुणाजवळ? झाकली मूठ सव्वा लाखाची. नवऱ्याशेजारी बसूनही बाई एकटी ती एकटीच राहिली, आणि आता तर शेजारही गेला.

"हवालदारसाहेब, तुमी बी सांगा ना दोन शब्द!" शेषरावांनी आग्रह केला.

शालू आणि सत्यभामा दाराला टेकून कान देऊन उभ्या होत्या. बाप भगोडा निघाला तर या पोरींनी सासरी तोंड कसं दाखवायचं? मनकर्णाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला.

खुशालराव उठले. "सूर्यभाननं जे सांगतलं, ते सारं खरं हाये," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

तिच्या जिवात जीव आला. देवमाणूस हो, देवमाणूस! सोबत्याची लाज झाकायला खोटं बोलला बिचारा.

निघताना ते माजघराच्या दाराशी आले. आत दुसरं कुणी नव्हतं.

"भाऊ, तुमी माह्या घरची अब्रू राखली," ती म्हणाली.

"मी काय केलं, वैनी?"

"मले सारं माहीत हाये. गोदीवरून पळाले होते ते. लेकराची आण पाळली. बाकी साऱ्या थापाच. मी एक डाव बसून आयकल्या नाहीत. लाज वाटे मले."

खुशालरावांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"एक डाव बी नाही?"

"नाही."

ते उंबऱ्याकडे वळले. दोन पावलं गेले आणि थांबले. जायला हवं होतं त्यांनी, पण पाय निघेना.

"त्याले भगोडा नोका म्हनू, वैनी," ते मागं न पाहता म्हणाले. "ते धारणीच्या जंगलाचं मीच सुचवलं होतं त्याले. बसऱ्यात. मूर्तिजापूरचा एक नवा गडी भगवंताची खबर घेऊन आला, त्या दिवशी."