सनईची रेकॉर्ड

धोंडूने सनईची रेकॉर्ड काखेत धरूनच बाबुरावच्या उंबऱ्यावर चपला काढल्या. आज त्याची पाळी होती.

संप फिसकटल्यापासून लालबागच्या त्या चाळीत हा रिवाज पडला होता. रविवारी दुपारी बाबुरावच्या खोलीत चौघांनी जमायचं. एकाने आपली लाडकी रेकॉर्ड आणायची, ती का लाडकी ते सांगायचं, मग सगळ्यांनी गुपचूप ऐकायची. चौघेही एकाच गिरणीच्या साळखात्यातले, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यातले. बाबुराव त्यांचा जॉबर, म्हणजे मुकादम. दत्तू, विठोबा आणि धोंडू साचे, म्हणजे माग चालवणारे.

गिरणी आता अर्धीमुर्धी सुरू झाली होती. बाबुराव म्हणेल त्यांना आत घेऊ, असं मॅनेजरने कबूल केलं होतं. नावं उद्या ठरायची होती. त्यामुळे गाण्यापेक्षा सगळ्यांचं लक्ष बाबुरावच्या चेहऱ्याकडे असे.

धोंडूचं दुखणं वेगळं होतं. त्याला कमी ऐकू यायचं. साच्यांच्या खडखडाटात उभी जवानी गेली, कान कुठले राहायला? खात्यात कुणाचं अडत नसे. तिथे सगळे ओठांवर आणि हातवाऱ्यांवरच बोलायचे. पण कामावर नव्याने घेताना गिरणीचा डॉक्टर पाठीमागे उभा राहून हळूच नाव घेतो, म्हणे. त्यांच्याच खात्यातल्या कुशाबाने वळून पाहिलं नाही. तो आता हिंदमाताला फूटपाथवर रुमाल विकत बसतो.

त्यात गेल्या रविवारपासून दुष्काळात तेरावा महिना. तोवर रेकॉर्ड लागली की निदान ढोलकीचा ठेका तरी कानात शिरायचा. गेल्या रविवारी तेवढंही नाही. दत्तूने आपली अंगाईची रेकॉर्ड लावली होती. त्याची लेक त्या अंगाईशिवाय झोपत नसे; ती तापात गेली. मधल्याच एका जागी दत्तूच्या डोळ्यांतून घळघळ पाणी आलं. धोंडूला एकही सूर ऐकू आला नव्हता. त्याला दत्तूची दया येण्याआधी हेवा वाटला, आणि मग स्वतःची लाज.

आठवडाभर त्याची बायको शांता त्याच्या कानात लसणाचं तेल घालत होती. "सर्दी असंल हो," ती कानाशी तोंड नेऊन ओरडायची. तिलाही खरं वाटत नव्हतं.

"उजेडाकडं तोंड करून बसा रे," बाबुराव म्हणाला. "मला सगळ्यांची तोंडं दिसली पायजेत."

धोंडूला वाटलं, हीच ती परीक्षा. चोराच्या मनात चांदणं, पण चांदणं काही खोटं नव्हतं.

बाबुरावने चहा दिला. त्याची बायको कमलवहिनी दहा दिवसांपूर्वी गावी गेली, तेव्हापासून चहा तोच करायचा आणि साखर विसरायचा. नोकरी हवी असलेला माणूस चहाला नाव ठेवत नाही.

"बोल धोंडू. हीच का आणलीस?"

"आमचं लगीन हिच्यावर लागलं, बाबुराव. वाजंत्री परवडत नव्हती. मामानं भाड्यानं यंत्र आणलं आणि ही लावली. अंतरपाट खाली आला तेव्हा सनई अशी वर चढली... शांतानं तेव्हा पैल्यांदा माझ्याकडं बघितलं." त्याने रेकॉर्ड पुढे केली. "घरातली भांडी विकली संपात. ही नाय विकली."

विठोबाने मान हलवली. बाबुरावने रेकॉर्ड चढवली, सुई टेकवली, आवाजाचं बटण नेहमीसारखं पार शेवटपर्यंत पिळलं आणि स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवून डोळे मिटले.

धोंडूने कान टवकारले.

काही नाही. सनई नाही, चौघडा नाही. रेकॉर्ड गरगरत होती आणि त्याच्या डोक्यात नुसती पोकळी होती. सर्दी नव्हतीच ती. कान गेले होते, मुळासकट. आता शांताला काय सांगायचं? हिंदमाताला कुशाबाच्या शेजारी जागा असेल का? त्याला उठून पळून जावंसं वाटलं.

तो सुईकडे बघत राहिला. दोन धुनांच्या मध्ये रेकॉर्डवर गुळगुळीत पट्टा असतो. सुई तिथे पोचली तसा तो म्हणाला, "वा." दत्तूचे आणि विठोबाचे ओठही त्याच क्षणी हलले. दत्तू मांडीवर ठेका धरत होता. विठोबा डोलत होता. भाग्यवान लेकाचे.

बाबुरावने एकदम डोळे उघडले आणि थेट धोंडूकडे पाहिलं.

"अंतरपाटाची जागा हीच ना रे?"

हो म्हणावं तरी फाशी, नाही म्हणावं तरी फाशी. धोंडूने सुईकडे चोरून पाहिलं आणि देवाचं नाव घेतलं.

"हीच."

बाबुराव हसला. "मला वाटलंच. काय चढलीय. कान आहे हां तुला." दत्तू आणि विठोबाकडे वळून तो म्हणाला, "उद्या तिघंबी चला माझ्यासंगती."

धोंडूने मान खाली घातली. आजची वेळ निभावली, उद्या डॉक्टर होता. रेकॉर्ड फिरतच होती.

तेवढ्यात दारातला उजेड अडला. चौघांनी माना वर केल्या. कमलवहिनी दारात उभी होती, गावाहून आलेली, डोक्यावर बोचकं, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी गोल. ती आत येईना. फिरणाऱ्या रेकॉर्डकडे आणि डोलणाऱ्या चार बाप्यांकडे टकमक बघत राहिली.

मग तिने बोचकं खाली टाकलं आणि काखेतला कागद सोडवला. आत काळा, वाडग्यासारखा स्पीकर होता.

"अहो, ऐकताय काय?" ती म्हणाली. "खोकं तर रिकामं आहे. स्पीकर फाटलाय, दादरला दुरुस्तीला टाकून मगच गाडीत बसते, असं गावी जाताना तुमच्या पाठीशी उभं राहून दोनदा सांगितलं होतं ना मी?"